७२० तासांचं बिल, चार तासांवर

तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. मोठ्या बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे तिचे व्यवहार सांभाळणाऱ्या अवाढव्य संगणकावर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं महिन्याचं बिल वर्षानुवर्षं त्यातल्या सलग चार तासांवर ठरत आलं आहे. महिन्यात ज्या चार तासांची सरासरी सगळ्यात जास्त, तोच त्या महिन्याचा वापर. उरलेले ७१६ तास मशीन किती राबलं, रविवारी पहाटे ते जवळपास रिकामं होतं का, याला बिलात जागा नाही. आणि हीसुद्धा सुधारणा होती. त्याआधी मशीन किती काम करू शकतं यावरच पैसे घेतले जायचे. प्रत्यक्षात केलं किती, हा प्रश्नच नव्हता.

ही मशीनं केवढी असतात ते आधी पाहू. २०१७ साली आयबीएमने झेड१४ आणलं तेव्हा कंपनीने सांगितलेला आकडा होता एका दिवसात १२ अब्जांहून जास्त एन्क्रिप्टेड व्यवहारांचा, म्हणजे १,२०० कोटी. भारतातल्या १४० कोटी माणसांपैकी प्रत्येकाने, अगदी तान्ह्या बाळासकट, दिवसाला आठ व्यवहार केले तरी एक मशीन ते सगळे उरकेल आणि वर थोडी जागा शिल्लक राहील. सेकंदाचा हिशोब केला तर १ लाख ३८ हजारांच्या वर. २०२२ च्या झेड१६ मध्ये २०० पर्यंत कोअर कामाला लावता येतात. त्यांचा वेग ५.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५२० कोटी ठोके, आणि आतल्या एकेका टेलम चिपवर २,२५० कोटी ट्रान्झिस्टर. या धंद्यात वेग मिप्समध्ये सांगतात. एक मिप्स म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचना. पूर्ण क्षमतेचं झेड१६ दोन लाख मिप्सच्या पुढे जातं.

आयबीएमच्याच १९६४ सालच्या सिस्टिम/३६० मालिकेतलं मॉडेल ३० सेकंदाला साधारण ३४,५०० सूचना पार पाडायचं. झेड१६ चं एका सेकंदाचं काम त्याच्यावर सोपवलं तर ते रात्रंदिवस चालून सुमारे ६७ दिवसांनी संपेल. दोन्हीकडची एकेक सूचना सारख्या वजनाची नसते, त्यामुळे हा अंदाज ढोबळ आहे. पण ज्या मापावर सॉफ्टवेअरची किंमत बांधली गेली, ते माप एका माणसाच्या आयुष्यात किती पटींनी फुगलं हे त्यातून कळतं. दर तेवढेच ठेवले असते तर कुठल्याही बँकेला ते परवडले नसते. म्हणून दर सतत बदलत राहिले, आणि दर बदलण्याचा अधिकार कायम एकाच बाजूकडे राहिला. मला यातला अन्याय तिथे दिसतो.

सिस्टिम/३६० ची घोषणा झाली ७ एप्रिल १९६४ ला. महिन्याचं भाडं होतं २,७०० डॉलरपासून १,१५,००० डॉलरपर्यंत. विकत घ्यायचं तर १,३३,००० पासून ५५ लाख डॉलर. बहुतेक गिऱ्हाईकं भाड्यानेच घ्यायची. मूळ भाड्यात महिन्याचे १७६ तास मिळायचे, म्हणजे आठ तासांची एक पाळी आणि बावीस दिवस. त्यावर मशीन चालवलं तर जादा आकार. हे तास मोजायला मशीनवर खरेखुरे मीटर बसवलेले असायचे, एक ग्राहकाचा आणि एक दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरचा. कुठला मीटर पळणार हे किल्लीच्या स्विचवर ठरायचं. इंजिनिअर आला की तो किल्ली फिरवायचा, ग्राहकाचा मीटर जागच्या जागी थांबायचा आणि इंजिनिअरचा सुरू व्हायचा. काम संपलं की किल्ली परत उलटी.

साठ वर्षांपूर्वीच्या त्या किल्लीत न्यायाच्या तीन गोष्टी होत्या. ग्राहक स्वतः मशीनपुढे उभा राहून आकडा वाचू शकत होता. तो आकडा कशाचा आहे हे समजायला तज्ज्ञ लागत नव्हता, कारण तो तासांचा होता. आणि कंपनीच्या कामाला लागलेला वेळ ग्राहकाच्या माथी बसत नव्हता.

तेव्हा सॉफ्टवेअरला वेगळी किंमतच नव्हती, ते भाड्यातच येई. १७ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. तेरा वर्षं चालून १९८२ मध्ये सरकारनेच तो मागे घेतला. पण खटला उभा राहिला त्याच वर्षी, २३ जूनला, सॉफ्टवेअर यापुढे वेगळं विकलं जाईल असं आयबीएमने जाहीर केलं. सॉफ्टवेअरचा स्वतंत्र धंदा उभा राहिला त्यात या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे. त्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला. प्रोग्राम लिहायला शेकडो माणसांची वर्षं खर्ची पडतात, पण त्याची आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही. मग तो खर्च गिऱ्हाइकांमध्ये वाटायचा कसा?

मशीनच्या आकारावर, हे त्यावर निघालेलं उत्तर. मोठी बँक मोठं मशीन घेते, तिचा धंदा मोठा, ऐपत मोठी, तिने जास्त द्यावं. छोट्या संस्थेने कमी द्यावं, म्हणजे तिलाही तेच सॉफ्टवेअर घेता येईल. मशीनचे गट पाडले गेले आणि गटागणिक दर ठरले. त्या काळापुरतं हे मला रास्तच वाटतं. कुठला प्रोग्राम किती वापरला गेला हे दोन्ही बाजूंना पटेल इतकं अचूक मोजण्याची सोय नव्हती. मशीनचा आकार मात्र उघड दिसत होता.

दोष पुढे वाढत गेला. बँकेने एखाद्या नव्या कामासाठी मशीन वाढवलं की त्या मशीनवरच्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं बिल वाढायचं. वीस वर्षांपूर्वी लिहिलेला, महिन्यातून एकदा अहवाल छापणारा प्रोग्राम असेल, तर त्याच्यासाठी लागणारं सॉफ्टवेअरही महागायचं. त्याचं काम एका सूचनेनेही वाढलेलं नसायचं.

२००० साली झेड९०० आलं, पाठोपाठ झेड-ओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम आली, आणि हिशोबाची पद्धत बदलली. मेनफ्रेमचे आतल्या आत अनेक भाग पाडतात, त्यांना एलपार म्हणतात. प्रत्येक एलपार म्हणजे जणू स्वतंत्र मशीन. आता पूर्ण मशीनच्या क्षमतेवर नाही, तर सॉफ्टवेअर ज्या एलपारमध्ये चालतं त्याच्या वापरावर पैसे द्यायचे. हा वापर मोजायचा एमएसयूमध्ये, म्हणजे ताशी दहा लाख सर्व्हिस युनिट या मापाने. मशीन दर पाच मिनिटांचा वापर टिपून ठेवतं. असे ४८ कप्पे असतात. नवा कप्पा भरला की सगळ्यात जुना गळतो. ४८ गुणिले ५ म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे चार तास. ही चार तासांची सरकती सरासरी दर तासाला काढली की तीस दिवसांच्या महिन्यात ७२० आकडे तयार होतात. महिना मोजायचा तो एक तारखेपासून नव्हे, दोन तारखेपासून पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत. एससीआरटी नावाचा आयबीएमचाच प्रोग्राम हे सगळे आकडे चाळतो आणि त्यातला सगळ्यात मोठा उचलतो.

आता एक काल्पनिक बँक घेऊ. तिचा वापर एरवी सपाट, दर तासाला १,००० एमएसयू. तिमाही संपली त्या दिवशी मात्र खात्यांचा हिशोब लांबला, सकाळी शाखा उघडल्या तरी रात्रीच्या बॅच, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामं, संपल्या नव्हत्या, आणि चार तास वापर १,८०० वर राहिला. महिन्याची खरी बेरीज अशी: ७१६ तास गुणिले १,००० अधिक ४ तास गुणिले १,८००, म्हणजे ७,२३,२००. बिल लागलं १,८०० च्या हिशोबाने, जणू महिनाभर तेवढा वापर होता, म्हणजे १२,९६,०००. बँकेने जेवढ्याचं बिल भरलं त्यातलं जेमतेम ५६ टक्के वापरलं. ४४ टक्के पैसे गेले त्या एका सकाळीपोटी.

याच्या बाजूने एक दाखला नेहमी दिला जातो, विजेचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही उच्चदाब औद्योगिक ग्राहकाला महावितरणच्या बिलातला मागणी आकार परिचयाचा आहे. महिन्यात एकूण युनिट किती जाळले याचे पैसे वेगळे, आणि कमाल मागणी किती केव्हीएपर्यंत गेली याचे वेगळे. कारखान्याने महिन्यातून एकदाच सगळ्या मोटारी एकदम चालू केल्या तरी त्या शिखराचे पैसे पडतातच. ही तुलना गंभीरपणे तपासायला हवी, कारण नेमकी तिच्यातच चूक सापडते. कारखान्याचं शिखर सांभाळायला वीज कंपनीला खरोखर तेवढा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, तेवढी जाड केबल ओढावी लागते, कुठेतरी तेवढी निर्मिती सज्ज ठेवावी लागते. त्या शिखरासाठी कोणीतरी भांडवल अडकवलेलं असतं. सॉफ्टवेअर १,००० एमएसयूवर चालो की १,८०० वर, ते लिहिणाऱ्याला एक ओळ जास्त लिहावी लागत नाही. शिखर पेलणारं मशीन तर बँकेनेच आधी पैसे मोजून विकत घेतलेलं असतं. शिवाय वीज बिलात युनिटचा हिशोब निदान वेगळा असतो. इथे शिखर हाच एकमेव हिशोब.

कंपायलरचं उदाहरण मला याहूनही बोचरं वाटतं. हिशोब सॉफ्टवेअरने स्वतः किती वापर केला याचा नव्हता. ते ज्या एलपारमध्ये होतं त्या एलपारच्या एकूण वापराचा होता. कोबोल या जुन्या भाषेतला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर दिवसातून दोन-चार वेळा, काही सेकंदच चालतो. पण तो १,५०० एमएसयूच्या एलपारमध्ये चालला, तर कंपायलरचं बिल १,५०० एमएसयूचं. म्हणून बँकांनी मुद्दाम छोटासा वेगळा एलपार उभा केला आणि कंपायलर तिकडे हलवला. कामाच्या दृष्टीने त्याची काहीही गरज नव्हती. जगातले उत्तम अभियंते कित्येक वर्षं अशी घरं मांडत बसले, फक्त दरपत्रकासाठी.

दरपत्रकाने मशीनचा वेगसुद्धा ठरवला. झेड१४ च्या छोट्या भावंडात, झेडआर१ मध्ये, क्षमतेच्या १५६ पायऱ्या होत्या. एकापासून सहापर्यंत प्रोसेसर, आणि प्रत्येकाला इंग्रजी वर्णमालेतल्या २६ अक्षरांपैकी एक वेग. सगळ्यात खालची पायरी ८८ मिप्सची, सगळ्यात वरची ८,००० च्या पुढची. चिप सगळ्यांत तीच. खालच्या पायरीवर ती मुद्दाम हळू चालवली जाते. मशीन हळू, तर सॉफ्टवेअरचं बिल कमी, म्हणून गिऱ्हाईकही हळू मशीन मागून घेतं. वर पुन्हा एलपारला कमाल मर्यादा घालण्याची सोय. चार तासांची सरासरी मर्यादेवर गेली की मशीन आपणहून त्या एलपारला आवर घालतं. बाकी क्षमता रिकामी पडलेली असते आणि व्यवहार रांगेत उभे असतात.

पण चिपला सगळीकडे असा लगाम नसतो. २००६ साली आलेले झिप प्रोसेसर हे त्याच चिपमधले तसेच कोअर. ते कायम पूर्ण वेगाने धावतात आणि त्यांच्यावर झालेलं काम एमएसयूत धरलं जात नाही. लिनक्ससाठीचे तसेच कोअर २००० पासून, जावासाठीचे २००४ पासून. कारण स्पष्ट होतं: ही नवी कामं स्वस्त सर्व्हरकडे जाऊ लागली होती, त्यांना थांबवायचं होतं. जी कामं सोडून जाऊ शकत होती त्यांना सवलत मिळाली. जी जाऊच शकत नव्हती, सीआयसीएस या व्यवहार हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवरची, कोबोलमधली, तीस-चाळीस वर्षं जुनी, त्यांनी पूर्ण दर भरला.

टेक्सासमधल्या निऑन एंटरप्राइझ सॉफ्टवेअर या कंपनीने नेमकं इथेच बोट ठेवलं. २००९ मध्ये तिने झेडप्राइम नावाचं उत्पादन आणलं. आयबीएमने ज्या कामांना झिपवर परवानगी दिली नव्हती ती कामंही ते झिपवर चालवून दाखवायचं. कोअर तोच, काम तेच, बिल मात्र एकदम खाली. आयबीएमने ग्राहकांना बजावलं की असं करणं परवान्याच्या कराराचा भंग ठरेल. डिसेंबर २००९ मध्ये निऑन कोर्टात गेली, जानेवारी २०१० मध्ये आयबीएमने उलट दावा ठोकला. ३१ मे २०११ ला तडजोड झाली. निऑनवर कायमचा मनाई हुकूम लागला आणि झेडप्राइम बाजारातून गेलं.

करार वाचला तर आयबीएमची बाजू कच्ची नव्हती. झिप स्वस्तात दिले होते ते ठरावीक कामांच्या अटीवर, आणि अट ग्राहकाने सही करून मान्य केली होती. तरीही या प्रकरणाने एक गोष्ट उघडी पाडली, ती कुठल्याही निकालाने झाकली जात नाही. एमएसयू हे कामाचं माप उरलेलं नव्हतं. २००३ साली झेड९९० आलं तेव्हाच हे दिसलं होतं. आयबीएमने त्या मशीनचा एमएसयू आकडा त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा सुमारे १० टक्के कमी लावला, म्हणजे तेवढंच काम करून बिल तेवढं कमी. ग्राहकांच्या फायद्याचीच गोष्ट, आणि तिला धंद्यात टेक्नॉलॉजी डिव्हिडंड असं नावही पडलं. पण जो आकडा विक्रेता आपल्या मर्जीने १० टक्के खाली आणू शकतो, तो मोजलेला आकडा नसतो, ठरवलेला असतो. मशीन बनवणारा, त्याची क्षमता किती ते जाहीर करणारा, त्यावरचं मुख्य सॉफ्टवेअर विकणारा आणि महिन्याचा वापर मोजायचा प्रोग्राम देणारा एकच. अॅमडाल आणि हिताची एके काळी आयबीएमच्या तोडीची, तेच सॉफ्टवेअर चालवणारी मशीनं विकत होत्या. २००० च्या आसपास त्यांनी हा बाजार सोडल्यावर तुलनेला दुसरं काही उरलं नाही.

छोट्यांनी कमी द्यावं हा मूळ हेतूही पुरता टिकला नाही. चार तासांच्या पद्धतीत दराच्या पायऱ्या आल्या: पहिले ३ एमएसयू, मग ४ ते ४५, ४६ ते १७५, असं करत करत १,९७५ च्या वर. प्रत्येक पायरीवर दर उतरत जातो. एकूण बिल मोठ्याचंच मोठं, पण एका एमएसयूला सगळ्यात जास्त पैसे मोजतो तो सगळ्यात छोटा. घाऊक मालाला हे ठीक असेल. ऐपतीवर वाटणी, असं म्हणून सुरू झालेल्या पद्धतीला ते शोभत नाही.

एवढं असूनही बँका मेनफ्रेम सोडत का नाहीत, असं कोणी विचारलं तर २०१८ सालची ब्रिटनमधली टीएसबी बँक आठवावी. एप्रिल महिन्यात तिने ५२ लाख ग्राहकांची खाती लॉइड्स बँकेच्या जुन्या प्रणालीवरून आपल्या नव्या मालकाच्या प्रणालीवर हलवली. १९ लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. त्या गोंधळाचा खर्च ३३ कोटी पौंडांवर गेला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड वर लावला. नवं सॉफ्टवेअर लिहिणं हा यातला सोपा भाग. चाळीस वर्षांत साचलेला प्रत्येक नियम, प्रत्येक अपवाद, चालू बँक एक दिवसही बंद न ठेवता उचलून नेणं, हे अवघड. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. बाहेर पडायला कोट्यवधी लागत असतील तर आत राहण्याचा दर त्याच्या जरासा खाली ठेवला की पुरतं.

पुण्या-मुंबईतून अमेरिकन आणि युरोपियन बँकांची मेनफ्रेम सांभाळणाऱ्या मराठी इंजिनिअरांना हे अर्थशास्त्र रोजच्या कामात भेटतं. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी दोन हे शिखराचे तास असतील, तर हिंजवडीत तेव्हा संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेअकरा वाजलेले असतात. कुठली बॅच या चार तासांबाहेर ढकलता येईल, हे पाहणारी माणसं तिथे बसलेली असतात. चार तासांच्या पद्धतीत त्यांच्या मेहनतीला एक विचित्र कुंपण होतं. कोबोलचा एखादा प्रोग्राम नीट लिहून त्याचा सीपीयू वेळ ४० मिनिटांवरून २५ वर आणला, आणि तो शिखराच्या तासांत चालत असला, तर बँकेचे पैसे वाचायचे. तोच प्रोग्राम पहाटे तीनला चालत असला तर बचत शून्य. चांगलं काम केल्याचं बिलात कुठेच दिसायचं नाही, म्हणून ते करायला कोणी वेळही द्यायचं नाही.

मे २०१९ मध्ये आयबीएमने टेलर्ड फिट प्रायसिंग आणलं. त्यात चार तासांचं शिखर सोडून वर्षभराचा एकूण वापर धरता येतो, आणि वाढीव वापराला सवलतीचा दर मिळतो. हा बदल मी मनापासून चांगला म्हणेन. आधीच्या वापरावरून ठरणारा पाया कितीचा धरायचा यावर करार करताना मोठी घासाघीस होते, आणि एमएसयू किती हे अजूनही तीच कंपनी सांगते. पण एलपारला लगाम घालून व्यवहार रांगेत ताटकळत ठेवायचं कारण राहत नाही, आणि पहाटे तीनला वाचवलेली ती १५ मिनिटंही वर्षाच्या बेरजेतून खरोखर वजा होतात.

आयबीएमच्या सॉफ्टवेअरपुरतं हे झालं. त्याच मशीनवर डेटाबेसची देखभाल करणारी, बॅचचं वेळापत्रक लावणारी, अहवाल साठवणारी इतर कंपन्यांची सॉफ्टवेअरही चालतात. त्यांचे करार अनेक ठिकाणी अजून पूर्ण मशीनच्या क्षमतेवरच आहेत. पुढचं मशीन घेताना एक कोअर वाढवला की ती बिलं वाढतात, त्या कोअरवर ती सॉफ्टवेअर चालवा किंवा नका चालवू. त्या करारांचं नूतनीकरण दर दोन-तीन वर्षांनी येतं. तेव्हा वापरावर पैसे घ्या ही मागणी बँकेने ठामपणे टेबलावर ठेवायला हवी, कारण तो वापर मोजणारे ७२० आकडे दर महिन्याला तिच्याच मशीनमध्ये तयार होत असतात.